सफारी: चासीपासून स्टेअरिंगपर्यंत

टाटा मोटर्सने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुधारित सफारी बाजारात आणली तेव्हा इंजिन आधीचेच होते, गिअरबॉक्स आधीचेच होते आणि गाडीचा सांगाडाही २०२१ मधलाच होता. बदलले ते दर्शनी रूप, डॅशबोर्डची मांडणी, पडद्यांचे आकार, एअरबॅगांची संख्या आणि स्टेअरिंगची यंत्रणा. शोरूममधला विक्रेता साधारण याच क्रमाने गाडी दाखवतो. गाडी समजून घ्यायची असेल तर ही यादी शेवटाकडून वाचावी.

या गाडीबद्दल पिंपरी-चिंचवड पट्ट्यात सरळ दोन तट आहेत. एक तट जुन्या सफारीखाली पाठीवर झोपून हात काळे केलेल्यांचा. त्यांची बाजू येथे एक गॅरेजवाले काका मांडतात. दुसरा तट नव्या गाड्या संगणकावर उभ्या करणाऱ्यांचा. त्याच्या वतीने बोलते काकांची पुतणी, जी चाकणला गाड्यांच्या बॉडीचे डिझाइन करते. विषय एवढाच की सात माणसांच्या घराने ही गाडी घ्यावी का, आणि घ्यायची तर नेमके काय पाहून.

वादाचे मूळ सांगाड्यात आहे. १९९८ साली आलेली पहिली सफारी शिडीच्या आकाराच्या चासीवर बांधलेली होती. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि वर रबरी गुटक्यांवर बोल्टने बसवलेली बॉडी. २००५ ची डायकोर आणि २०१२ ची स्टॉर्म याच बांधणीच्या. स्टॉर्मला २०१५ मध्ये ४०० न्यूटन-मीटर टॉर्कचे इंजिन मिळाले आणि २०१७ मध्ये भारतीय लष्कराने ३,१९२ स्टॉर्म गाड्यांची मागणी नोंदवली. २०१९ मध्ये ती बंद झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सफारी हे नाव परतले ते वेगळ्याच गाडीवर. २०२० च्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘ग्रॅव्हिटास’ म्हणून दाखवलेली ही गाडी म्हणजे टाटांच्याच हॅरियरची तीन रांगांची आवृत्ती. हॅरियर ज्या ‘ओमेगा आर्क’ प्लॅटफॉर्मवर उभी आहे, त्याचे मूळ लँड रोव्हरच्या डी-८ प्लॅटफॉर्ममध्ये आहे. टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर ही कंपनी २००८ मध्ये फोर्डकडून घेतली होती. त्या सौद्याचा हा सगळ्यात ठळक देशी फायदा.

ओमेगा आर्क मोनोकॉक पद्धतीचा आहे. त्यात वेगळी चासी नसते. फरशी, खांब, छत आणि पुढच्या-मागच्या तुळया वेल्डिंगने जोडून एकच कवच बनते आणि सगळा भार तेच पेलते.

“नाव सफारी आणि खाली चासीच नाही,” काकांचा पहिला आक्षेप. “स्टॉर्म दगडावर आपटली तरी चासीला काही होत नसे. फार तर बुश बदलायचे, दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर. या गाडीचं तोंड एकदा दबलं की जिगवर चढवून ओढत बसावं लागतं. आणि ओढल्यावर ती पहिल्यासारखी झाली, हे सांगणार कोण?”

“दबायलाच हवं काका, ते त्यासाठीच बनवलंय,” पुतणी सांगते. “धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. पुढच्या पत्र्यात जिरली नाही, तर आत बसलेल्यांच्या छातीत आणि मानेत जिरते. पुढचा भाग मऊ आणि माणसं बसतात तो भाग कडक, असं बांधणं मोनोकॉकमध्ये सोपं जातं.”

“मग स्कॉर्पिओ-एनचं काय? तीही चासीवरच आहे, तुमच्या चाकणलाच बनते आणि तिलाही ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार आहेत.”

“आहेत. मोठ्यांसाठी पाच, मुलांसाठी तीन. चासीवर सुरक्षित गाडी बनतच नाही, असं मी म्हणत नाही. वजन जास्त पडतं, फरशी उंच राहते आणि तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी येतात. घरच्या गाडीला हे परवडत नाही, एवढंच.”

गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपमध्ये सुधारित सफारीला मिळालेले गुण मोठ्यांच्या सुरक्षेत ३४ पैकी ३३.०५ आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४५. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच धर्तीच्या देशी भारत एनकॅपचे पहिले निकाल लागले, तेही हॅरियर आणि सफारीचेच. तेथे ३२ पैकी ३०.०८ आणि ४९ पैकी ४४.५४ गुण मिळाले. सहा एअरबॅग आता सगळ्या मॉडेलांत आहेत. आधी खालच्या मॉडेलांत दोनच असत. चालकाच्या गुडघ्यांसाठी सातवी एअरबॅग वरच्या मॉडेलांत मिळते.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाला होते, बाजूच्या धडकेची ५० ला आणि खांबावर आदळण्याची २९ ला. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ६४ च्या तुलनेत १२० ला ती सुमारे साडेतीन पट असते. पाच स्टार मिळवलेली गाडी साडेतीन पट ऊर्जेपुढे काय करील, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. या मुद्द्यावर काका आणि पुतणी एकाच बाजूला येतात. दोघांच्याही मते मागच्या दोन्ही रांगांनी पट्टे लावणे कोणत्याही स्टारइतकेच मोलाचे आहे. पुतणी त्यात एक भर घालते. जुन्या स्टॉर्मच्या डिकीत समोरासमोर तोंड करून बसायच्या आडव्या सीट होत्या. धडकेत माणूस अशा सीटवरून बाजूला फेकला जातो. नव्या गाडीतली तिसरी रांग पुढे तोंड करून बसते आणि तिला तीन टोकांचे पट्टे आहेत. काकांनाही हा बदल मान्य आहे, पण त्या आडव्या सीटवरून गावाला गेलेल्या पोरांची मजा वेगळीच होती, असे त्यांचे म्हणणे.

आता स्टेअरिंग. २०२३ च्या बदलात जाहिरातीने सगळ्यात कमी बोलून दाखवलेला आणि सगळ्यात दूरगामी बदल हाच.

२०२१ च्या सफारीत हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग होते. इंजिनवर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो दाब स्टेअरिंगच्या रॅकला ढकलायला मदत करतो. चालकाने चाक वळवो न वळवो, पंप फिरतच राहतो आणि इंजिनची थोडी शक्ती खातो. शिवाय मदत किती करायची, हे झडपेची रचना ठरवते. ते क्षणाक्षणाला बदलणे अवघड. परिणामी पार्किंगमध्ये स्टेअरिंग जड लागे आणि खड्ड्यातून जाताना त्याचा झटका मनगटापर्यंत येई. सुधारित गाडीत तेल आणि पंप दोन्ही गेले. आता चालकाचा हात किती जोर लावतो आहे, ते एक सेन्सर मोजतो, गाडीचा वेग दुसरीकडून कळतो, आणि त्या हिशेबाने विजेवर चालणारी मोटर मदत करते. सोसायटीच्या तळघरात गाडी वळवताना मोटर बहुतेक काम स्वतः करते. वेग वाढला की ती हात आखडता घेते आणि स्टेअरिंग भारदस्त लागते.

“हलकं झालं, हे मान्य,” काका म्हणतात. “पण हायड्रॉलिकमध्ये टायर कुठल्या रस्त्यावर आहे ते हाताला कळायचं. वाळू आली, ओलं आलं, की बोटांना समजायचं. यात सगळं सारखंच लागतं. शिवाय पंपाचं सील गेलं तर मी तासाभरात बदलून द्यायचो. ही मोटर बिघडली तर अख्खा रॅक बदला म्हणतात.”

“हाताला कळणं कमी झालंय, खरं आहे. पण झटके मारणारं स्टेअरिंग दिवसभर धरून कोकणातून परत आलेल्या माणसाला विचारा, त्याला काय हवंय. आणि खरा मुद्दा वेगळाच आहे. तेलाच्या स्टेअरिंगला संगणक हुकूम देऊ शकत नव्हता. मोटरला देऊ शकतो.”

पुतणीच्या या वाक्यात २०२३ च्या सफारीचे सार आहे. चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणा, ज्यांना एडास म्हणतात, त्या सफारीत २०२३ च्या सुरुवातीलाच आल्या होत्या. पण स्टेअरिंग हायड्रॉलिक असल्याने, गाडी रस्त्यावरचा आपला पट्टा, म्हणजे लेन, सोडते आहे एवढे सांगण्यापलीकडे ती यंत्रणा त्या बाबतीत जाऊ शकत नव्हती. मोटर आल्यावर वाट मोकळी झाली. गाडी पट्ट्यातच धरून ठेवण्याची सोय मात्र लगेच आली नाही. ती २०२४ च्या अखेरीस देण्यात आली. आधी यंत्रभाग बसवायचा आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर सवडीने द्यायचे, ही गाड्या सुधारण्याची नवी रीत आहे. गिऱ्हाईकाने ती ओळखून असावे. “पुढे येणार आहे” या आश्वासनावर पैसे मोजण्यापेक्षा, आज हातात काय मिळते त्याचेच मोजावेत.

एडासची बाकीची रचना अशी. पुढच्या काचेमागे, आरशाजवळ एक कॅमेरा आणि पुढच्या बंपरमागे रडार. कॅमेरा पट्टे, माणसे, वाहने ओळखतो. रडार अंतर आणि वेगातला फरक मोजते. दोघांची साक्ष जुळली की गाडी इशारा देते आणि चालकाने काही केले नाही तर स्वतः ब्रेक लावते. ऑटोमॅटिक गिअरच्या मॉडेलांत अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीमागे अंतर राखून चालते, ती थांबली की थांबते आणि निघाली की पुन्हा निघते.

काकांचा यावरचा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. “आपल्याकडे पुढे जागा दिसली की दुचाकीवाला घुसतो. तू अंतर ठेवलंस की ते अंतर दुसऱ्या कुणाचं तरी होतं. गाडीने मध्येच कच्चकन ब्रेक मारला आणि मागून टेम्पो येऊन बसला, तर?”

“म्हणूनच हे शहरात वापरायचं नाही. इशाऱ्याची संवेदनशीलता कमी करता येते, नको तर बंदही करता येतं. पण समृद्धीवर ७०१ किलोमीटर सरळ जाताना डोळ्यांवर झापड येते. तिथे पट्टे स्पष्ट रंगवलेले असतात, गर्दी नसते. गाडी पट्ट्याबाहेर सरकली आणि स्टेअरिंगने तिला आत ढकललं, तर ते एकदाच कामी आलं तरी पुरे.”

“आणि पावसात पट्टे दिसले नाहीत तर?”

“तर गाडीलाही दिसत नाहीत. मग तुम्हीच चालक.”

गॅरेजमध्ये या यंत्रणेमुळे नवीच कामे उभी राहिली आहेत. पुढची काच फुटली की पूर्वी नवी काच बसवून रबर दाबले की झाले. आता काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन करावे लागते. गाडीसमोर ठरावीक अंतरावर खुणांचा फलक ठेवून कॅमेऱ्याला पुन्हा ‘सरळ’ म्हणजे काय ते शिकवावे लागते. तो अंशभर जरी तिरका राहिला तरी शंभर मीटरवरची गाडी शेजारच्या पट्ट्यात दिसू शकते. बंपरला रडारसमोर पुट्टी आणि रंगाचे थर चढले तर रडार आंधळे होते. आणि ज्याची मागणी काकांकडे अजूनही येते, त्या लोखंडी गार्डचे तर नावच नको. असे गार्ड बसवणे बेकायदा असल्याचे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच स्पष्ट केले होते. गार्ड धडकेची ऊर्जा जिरवणाऱ्या भागाला बगल देतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचीही फसगत करतो. सीट कव्हरचेही तसेच. बाजूची एअरबॅग सीटच्या कडेच्या शिवणीतून बाहेर येते. बाजारातले जाड कव्हर ती वाट बुजवते. पाच स्टारची गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात असे कव्हर चढवणाऱ्यांची संख्या कमी नाही, हे काकाच सांगतात.

चाके आणि सस्पेन्शन यांत मात्र लँड रोव्हरचा वारसा अर्धाच उतरला आहे. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र मॅकफर्सन स्ट्रट. मागे लँड रोव्हरला प्रत्येक चाकासाठी अनेक दांड्यांची स्वतंत्र रचना होती. टाटांनी तेथे ट्विस्ट ब्लेड वापरले. यात दोन हात आणि त्यांना जोडणारी आडवी पट्टी असते. एक चाक उचलले गेले की पट्टी पिळली जाते आणि त्याचा काही परिणाम दुसऱ्या चाकावर होतो. गाडी वळताना मागचा भाग बाजूला सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड, आणि भार पेलायला कॉइल स्प्रिंग. ही रचना स्वस्त, टिकाऊ आणि कमी जागा खाणारी आहे. स्टेपनी आणि तिसरी रांग तिच्यामुळेच बसतात. त्याची किंमत शेवटच्या रांगेत बसणारे मोजतात. ते जवळपास मागच्या आसावरच बसलेले असल्याने प्रत्येक गतिरोधक त्यांनाच आधी कळतो.

टायरच्या बाबतीत वरचे मॉडेल घेणारा एक गोष्ट गमावतो. खालच्या मॉडेलला १७ इंची चाकांवर २३५/६५ टायर आहेत, वरच्या मॉडेलला १९ इंची चाकांवर २४५/५५. हिशेब केला तर पहिल्याच्या टायरची भिंत सुमारे १५३ मिलिमीटर उंच असते, दुसऱ्याची १३५. खड्ड्याचा पहिला मार टायरची भिंत खाते. अठरा मिलिमीटर रबर कमी झाले की तेवढा मार अलॉय व्हीलकडे आणि पाठीकडे जातो. १९ इंची चाके गाडीला शोभतात, यात शंका नाही. पण महाराष्ट्रातल्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर १७ इंचीच शहाणी.

“आणि मागच्या चाकांना ताकदच नाही,” काका मूळ दुखण्यावर येतात. “सफारी म्हणजे फोर बाय फोर. वरंधा घाटात सात माणसं आणि सामान घेऊन चढताना भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात. ओल्या चढावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की ती जागेवर फिरतात.”

हे भौतिकशास्त्राला धरून आहे. नवी सफारी फक्त पुढच्या चाकांवर चालते. डी-८ मध्ये चारही चाकांना शक्ती देण्याची सोय होती, पण तो खर्च टाटांनी टाळला. गाडीत नॉर्मल, रफ आणि वेट असे तीन मोड आहेत. ते गाडी घसरू न देणारी ईएसपी यंत्रणा आणि इंजिन यांचा प्रतिसाद बदलतात, फिरणारे चाक ब्रेक लावून आवरतात आणि शक्ती दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळवतात. शक्ती मिळणारी चाके दोनाची चार होत नाहीत. ज्याचे गाव डांबरी रस्त्याच्या शेवटाला आहे, त्याला यात काही कमी पडणार नाही. ज्याचे शेत त्याच्या पुढे चिखलात आहे, त्याने ही गाडी घेऊ नये. पुतणीही यावर वाद घालत नाही.

इंजिन दोन लिटरचे क्रायोटेक डिझेल, नेमके १९५६ घनसेंटिमीटर. मूळ रचना फियाटची आणि उत्पादन पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला, टाटा-फियाटच्या संयुक्त कारखान्यात. ताकद १७० पीएस आणि टॉर्क १७५० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान ३५० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्स सहा गिअरचा, मॅन्युअल किंवा ह्युंदाई समूहाकडून घेतलेला टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचणीत अ‍ॅव्हरेज अनुक्रमे १६.३० आणि १४.५० किलोमीटर. रस्त्यावर यापेक्षा कमीच धरावे.

काकांना टॉर्कचा आकडा खटकतो. “स्टॉर्मला चारशे होता.” पुतणीचे उत्तर आकड्यांवर नाही. ती म्हणते, तेव्हा धुराड्यातून काय बाहेर पडत होते तेही मोजा. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ ही काजळी पकडणारी गाळणी आली. घरच्या गाडीच्या दृष्टीने सगळ्यात जास्त समजून घ्यायची गोष्ट हीच आहे आणि शोरूममध्ये तिच्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

गाळणीत काजळी साठत जाते आणि ठरावीक मर्यादेला ती जाळून टाकावी लागते. त्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागते. महामार्गावर अर्धा-पाऊण तास एकसारख्या वेगाने गाडी चालली की हे काम कुणाच्या लक्षातही न येता होते. शहरात सकाळी मुलांना शाळेत सोडून परत, संध्याकाळी भाजी आणून परत, अशा तुटक फेऱ्यांत एक्झॉस्ट कधी तापतच नाही. मग इंजिन जास्तीचे डिझेल उशिरा फवारून गाळणी तापवू पाहते. त्या वेळी इंजिनचा आवाज किंचित जड होतो, उभ्या गाडीत फेऱ्या वाढलेल्या दिसतात, चावी बंद केल्यावरही बोनेटखालचा पंखा घोंघावत राहतो आणि जवळ उभ्या असलेल्याला जळकट वास येतो. नेमक्या त्याच वेळी घर आले म्हणून गाडी बंद केली की काम अर्धवट राहते. असे वारंवार झाले तर न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते.

“डिपस्टिक काढून पाहावी,” काका सांगतात. “ऑइल कमी झालेलं मी आयुष्यभर पाहिलं. या गाड्यांत ते वाढलेलं दिसतं. बोटावर घेतलं तर पातळ, वासाला डिझेल. माणूस म्हणतो, बरं झालं, ऑइल खात नाही गाडी. अरे, बेअरिंगं जातील तुझी!”

“म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवायची आणि डीपीएफचा दिवा लागला तर आधी गाडी थांबवायची नाही, चालवायची,” पुतणी पुरवणी जोडते. दिवा लागला की गाडी बाजूला घेण्याची सवय असलेल्या पिढीला हे उलटेच वाटते.

२०२३ च्या गाडीत आत बसल्यावर डोळ्यांत भरतो तो १२.३ इंची टचस्क्रीन. चालकासमोर १०.२५ इंची डिजिटल फलक, गिअरसाठी तारेवर चालणारा छोटा खुंट, उजळणाऱ्या चिन्हाचे नवे स्टेअरिंग, पुढच्या आणि सहा आसनी मॉडेलांत मधल्या रांगेलाही हवा फेकणाऱ्या सीट, पाय हलवला की उघडणारी डिकी, वरती पॅनोरमिक सनरूफ. गाडी उघडताना दिव्यांची पट्टी नाचते, तो खेळ पाहुण्यांना दाखवण्यापुरता. एसीची बटणे मात्र विचार करायला लावतात. ती बहुतेक स्पर्शाची आहेत, तापमान आणि पंख्यासाठी तेवढे खटके ठेवले आहेत. काका म्हणतात, बटण हाताला सापडायला हवे, डोळ्यांना नाही. पुतणी एरवी नव्याची बाजू घेते, पण येथे ती काकांकडे झुकते. युरोपात युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा गोष्टींसाठी खऱ्या बटणांना गुण देण्याचे ठरवले आहे. टाटांनी निदान दोन खटके राखले, याचे श्रेय द्यायला हवे.

तिसऱ्या रांगेचा हिशेब मिलिमीटरमध्ये होतो. सफारीची लांबी ४६६८ मिलिमीटर, हॅरियरची ४६०५. दोन्ही गाड्यांच्या चाकांमधले अंतर सारखेच, २७४१. म्हणजे अख्खी तिसरी रांग ६३ मिलिमीटर जास्तीच्या लांबीत आणि उचललेल्या छतात बसवली आहे. डोक्याला जागा मिळते, कारण मागचे छत उंच आहे. पायांना बेताचीच मिळते आणि फरशी उंच असल्याने मांड्यांना सीटचा आधार राहत नाही. मुले आणि मध्यम उंचीची माणसे दोन-तीन तास सुखाने जातील. मागे एसीची स्वतंत्र झडप आहे, हे नागपूर-विदर्भाच्या उन्हाळ्यात फार मोठे.

सहा आसनी की सात आसनी, हा घरोघरचा वाद. काकांचा कौल सातला. “मध्ये तीन माणसं बसली पाहिजेत. सहा सीटची गाडी घेऊन सातव्याला काय एसटीने पाठवायचं?” पुतणीचा कौल सहाला. घरात लहान मूल असेल तर मधल्या रांगेत सीटच्या बुडाशी असलेल्या आयसोफिक्स कड्यांवर चाइल्ड सीट बसते. सात आसनी गाडीत त्या बाजूची सीट मग पाडता येत नाही आणि मागे जायला एकच बाजू उरते. सहा आसनीत दोन सीटांमधल्या वाटेने सरळ मागे जाता येते. ज्या घरात चाइल्ड सीट वापरलीच जात नाही, तेथे काकांचे म्हणणे बरोबर. पण मग मुलांच्या सुरक्षेच्या त्या ४५ गुणांना अर्थ राहत नाही. ते गुण चाइल्ड सीट वापरली जाईल असे धरूनच दिलेले आहेत.

तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी सुमारे ७३ लिटरची उरते. केबिनमध्ये नेता येईल अशी एक ट्रॉली बॅग आणि वर एखादी पिशवी. सात माणसे आणि सात माणसांचे सामान, दोन्ही एकदम या गाडीत मावत नाहीत. जाहिरातीतले कुटुंब बहुधा मोकळ्या हाताने प्रवास करते. सामान छतावर बांधले तर गुरुत्वमध्य वर जातो आणि घाटातल्या वळणांवर गाडी जास्त झुकते. तिसरी रांग दुमडली की ४२० लिटर जागा मोकळी होते आणि गाडी चार-पाच जणांची, पण भरपूर सामानाची होते. बहुतेक सफाऱ्या बहुतेक दिवस तशाच धावतात.

राहता राहिला इंधनाचा प्रश्न. २०२३ च्या सुधारणेत पेट्रोल नव्हते. ती उणीव २०२५ च्या अखेरीस दीड लिटरच्या ‘हायपेरियन’ टर्बो पेट्रोल इंजिनाने भरून निघाली. ताकद डिझेलइतकीच, १७० पीएस. टॉर्क २८० न्यूटन-मीटर. डीपीएफ साफ करण्यासाठी गाडी पळवत बसण्याची कटकट त्याला नाही. भरल्या गाडीने घाट चढताना मात्र डिझेलचे ७० न्यूटन-मीटर जास्त असणे पायाला जाणवते. तेथे पेट्रोलला गिअर उतरवून फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि अ‍ॅव्हरेज पडते.

“आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणार असेल तर डिझेल,” काका म्हणतात.

“आणि रोज हिंजवडी ते वाकड असेल तर?”

“तर पेट्रोल. नाहीतर माझ्याकडे येणंजाणं वाढेल.”

सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर जीएसटी सारखाच, ४० टक्के, आहे. महाराष्ट्रात पासिंगच्या वेळी भरायच्या एकरकमी करात फरक पडतो. दहा ते वीस लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. वीस लाखांच्या वर अनुक्रमे १३ आणि १५. अठरा लाखांच्या गाडीवर हा फरक ३६ हजार रुपयांचा होतो. डिझेल गाडीच्या वाढीव किमतीत तो मिळवायचा आणि वर्षाला किती किलोमीटर धावणार, त्याने भागून पाहायचे. हा भागाकार शोरूममध्ये जाण्याआधी घरीच केलेला बरा.